गावचा माणूस, गिरणीची नोकरी

मुंबईच्या कापड गिरणीत सूत दररोज एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात असे. रिंग खात्यात ते कातले जाई, तेथून कांड्या भरणाऱ्या बायकांकडे येई आणि शेवटी विणकाम खात्यात, म्हणजे गिरणगावच्या बोलीत साळखात्यात, मागावर चढे. खाती एकाच आवारात, बहुधा एकाच छपराखाली. पण सूत ज्या वाटेने जाई त्या वाटेने ते कातणारा माणूस सहसा जाऊ शकत नसे. १९२० च्या दशकात दोन माग चालवणारा विणकर महिन्याकाठी जे कमावत असे, ते रिंग खात्यातल्या साध्या कामगाराच्या कमाईच्या जवळजवळ दुप्पट होते. तरीही रिंग खात्यातला महार कामगार साळखात्यात जात नव्हता. त्याला जाऊ दिले जात नव्हते, हे म्हणणे अधिक बरोबर.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मजुरीचे स्पष्टीकरण सोपे असते. कौशल्य जास्त, मजुरी जास्त. कामगार कमी मजुरीच्या कामाकडून जास्त मजुरीच्या कामाकडे सरकतात आणि फरक हळूहळू मिटत जातो. गिरणगावचा इतिहास पाहिला की या स्पष्टीकरणात एक मोठी गाळलेली जागा दिसते. नोकरी आहे हे माणसाला कळते कोणाकडून? आणि हा माणूस बरा आहे हे मालकाला कळते कोणाकडून?

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापड गिरणीची कंपनी उभी केली. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत चिमण्याच चिमण्या उभ्या राहिल्या. या गिरण्यांना माणसे लागत होती, पण कामगार भरतीसाठी ना कचेरी होती ना अर्जाचा छापील नमुना. भरतीचे काम जॉबर करी. जॉबर म्हणजे मुकादम. मुळात तोही कामगारच, पण खात्यातली माणसे घेणे, काढणे, रजा देणे, काम वाटणे आणि यंत्र बिघडले तर ते चालू करणे हे सारे त्याच्या हातात. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. वरचा मास्तर कधी इंग्रज, कधी पारशी. त्याला कामगारांची भाषा धड येत नसे, नावे तर मुळीच नाहीत. सकाळी भोंगा झाला की किती माग उभे आहेत आणि किती चालू आहेत, एवढेच तो पाही. मागापुढे माणूस उभा करणे ही जॉबरची जबाबदारी.

मग जॉबर माणूस आणी कोठून? अर्थातच जेथे त्याची ओळख आहे तेथून. तो रत्नागिरीकडचा असेल तर त्याच्या गावची, भावकीतली, सासुरवाडीची मुले. बाणकोट, दाभोळ, मालवण, वेंगुर्ले येथून आगबोटीने निघालेला कोकणातला मुलगा मुंबईच्या धक्क्यावर उतरला, की त्याच्या खिशात पैसे असोत वा नसोत, एक पत्ता असे. त्या पत्त्यावर गावकीची खोली. दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस जण, सगळे एका गावचे किंवा एका वाडीतले. जेवण खानावळीत, खानावळ चालवणारी बाईही बहुधा त्याच मुलखातली, आणि पगार होईपर्यंत ती उधारीवर जेवू घाली. चार दिवसांत कोणीतरी त्याला जॉबरपुढे उभा करी.

ही साखळी जनगणनेच्या आकड्यांतही उमटली आहे. १९११ साली गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते (आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता, तो १९८१ साली वेगळा झाला). पुढे घाटावरचे आणि उत्तर हिंदुस्थानातले लोक वाढत गेले, तरी १९३१ मध्येही हे प्रमाण चौथ्या हिश्शाच्या आसपास राहिले. १९२१ साली मुंबईत दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात त्याच सुमारास स्त्रियांची संख्या पुरुषांहून बरीच अधिक होती. कर्ते पुरुष मुंबईत, बायका-मुले-म्हातारे गावी आणि मध्ये मनिऑर्डर. लोकसंख्येच्या तक्त्यातले हे दोन आकडे शेजारी ठेवले की एका नोकरीने दोन जागांची घडण कशी बदलली ते लक्षात येते.

ओळखीच्या या जाळ्याची जी निंदा होते तिच्यात तथ्य आहे, पण त्याआधी त्याचे काम नीट समजून घ्यायला हवे. गावात जमीन तुकड्यातुकड्यांची, वर खोताचा हक्क. शहरात ना बेकारी भत्ता, ना आजारपणाचा विमा, ना घर. अशा वेळी गावकीची खोली हाच विमा होता. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सहा महिने, सुमारे दीड लाख कामगारांनी संप चालवला. तो इतका टिकला याचे एक कारण असे की हजारो कामगार गावी निघून गेले आणि जे राहिले त्यांना खानावळीने आणि वाण्याने काही काळ तरी उधार दिले. जाळे नसते तर संप पंधरवडाभरही चालला नसता.

जॉबरलाही या जाळ्याचा उपयोग होता. अनोळखी माणूस चार दिवस काम करून नाहीसा झाला तर त्याला शोधणार कोठे? ओळखीचा मुलगा नाहीसा झाला तर त्याच्या चुलत्याला जाब विचारता येतो. या हमीची किंमतही तो वसूल करी. नोकरी लावल्याबद्दल दस्तुरी, सणावाराला भेट, आणि बरेचदा तोच सावकार व तोच खोलीचा मालक. १९२९ ते १९३१ या काळात जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने या पद्धतीवर कडक टीका केली आणि भरतीचे अधिकार जॉबरच्या हातून काढून घ्यावेत असे सुचवले. पण कामगाराला आयोगाचे म्हणणे कळण्याच्या आधीच एक गोष्ट पक्की कळलेली होती. दस्तुरी मागणारा का होईना, आपल्या ओळखीचा जॉबर असणे हे भाग्य. ज्याच्या ओळखीचा जॉबरच नव्हता त्याचे काय?

आता पुन्हा साळखात्याकडे येऊ. मागावरच्या धोट्यात कांडी बसवली की सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागे. त्या काळच्या साध्या धोट्यात हे काम करण्याची सर्वांत झटपट रीत म्हणजे भोकाला तोंड लावून श्वासाने सूत ओढून घेणे. एका पाळीत विणकर हे कितीतरी वेळा करी आणि तेच धोटे दुसऱ्या पाळीचा विणकर वापरी. साळखात्यातल्या मराठा आणि इतर सवर्ण कामगारांचे म्हणणे असे, की महाराने तोंड लावलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही. म्हणून त्याला या खात्यात घेऊ नये.

विटाळाचे हे कारण वरवर पाहता पुरेसे वाटते, आणि ते खोटे होते असेही नाही. पण त्याच साळखात्यात उत्तरेकडून आलेले मुसलमान विणकर मोठ्या संख्येने होते आणि हिंदू विणकरांच्या बरोबरीने काम करीत होते. शिवाय रिंग खात्यात सवर्ण आणि महार कामगार एकाच यंत्रावर काम करीत, तेथे गिरणी बंद पडली नाही. विटाळ सर्वांत कडक पाळला जाई तो सर्वांत जास्त मजुरीच्या खात्यात, हा योगायोग मला तरी पटत नाही. दुसरे असे की थुंकीचा प्रश्न खरोखरीच आरोग्याचा होता आणि त्यावर तांत्रिक उपायही होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने सूत ओढण्यावर १९११ सालीच बंदी घातली आणि तेथे हाताने ओवता येणारे धोटे आले. मुंबईत धोटा बदलण्याऐवजी माणसाला दाराबाहेर ठेवणे सर्वांना सोयीचे वाटले. गिरणीमालकांनी हा नियम केला नव्हता. त्यांना कोण विणतो याच्याशी देणेघेणे नव्हते, माग चालल्याशी मतलब. पण ज्याला कमी मजुरीच्या खात्यातून बाहेर पडता येत नाही असा कामगार मिळाला, हा फायदा त्यांना आयता झाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क युनियनने मान्य करावा, नाहीतर आपण त्यांना संपात सामील होऊ नका असे सांगू, असे त्यांचे म्हणणे होते. युनियनने नाखुशीने ही मागणी यादीत घातली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांचे उत्तर असे की, हा अन्याय असेलही, पण तो आमचा नाही. उत्तर बिनतोड होते आणि पुढाऱ्यांना अडचणीचे. भांडवलदार विरुद्ध कामगार असा सामना मांडलेला असताना कामगारांमधलीच एक भिंत उघडी पडली. तरीसुद्धा दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या एक दिवसाच्या संपात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट बरोबरीने उतरले होते, हेही नोंदवायला हवे.

येथे कोणी म्हणेल की विणकाम हे कौशल्याचे काम, म्हणून मजुरी जास्त. जात हा वेगळा मुद्दा. पण ते कौशल्य मिळे कसे? १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली, पण तेथे तयार होत ते मास्तर आणि तंत्रज्ञ. साधा विणकर कोणत्याच शाळेत शिकत नसे. तो मामाच्या किंवा भावाच्या मागाशेजारी काही महिने बिनपगारी उभा राही, तुटलेला धागा सांधायला शिके, आणि एखाद्या दिवशी कोणी गैरहजर असले की बदली म्हणून मागावर चढे. ज्याचा मामा साळखात्यात नाही त्याला उभे राहायला जागाच नाही. म्हणजे कौशल्यसुद्धा ओळखीच्याच वाटेने पोचत होते. नंतर हिशेब करताना मात्र ते त्या माणसाचे स्वतःचे भांडवल म्हणून मोजले जाते.

हे सगळे होण्यासाठी प्रत्येकाच्या मनात द्वेष असावा लागतो का? एक गणित करून पाहू. आठवी-नववीच्या वर्गातही ते होईल. एका खात्यात १०० कामगार आहेत, ९० ‘अ’ गटाचे आणि १० ‘ब’ गटाचे. दरवर्षी दहा टक्के कामगार सोडून जातात, दोन्ही गटांतून सारख्याच प्रमाणात. गिरणीबाहेर नोकरी शोधणाऱ्यांत ‘अ’ आणि ‘ब’ निम्मे-निम्मे आहेत. रिकाम्या जागेची बातमी असलेले कामगार आपापल्या माणसांना देतात, त्यामुळे नव्या दहा जागांपैकी नऊ ‘अ’ला, एक ‘ब’ला. पन्नास वर्षांनीही खात्यात ९० आणि १० च राहतील. कोणी कोणाचे वाईट चिंतले नाही, कोणाला हाकलले नाही, तरी बाहेरचे निम्मे-निम्मे प्रमाण आत कधीच येत नाही. आता समजा, भरती जॉबरच्या हाती आहे आणि तो सर्व जागा आपल्या ‘अ’ गटालाच देतो. दहा वर्षांनी ‘ब’चे दहापैकी सरासरी साडेतीन उरतात. आणि समजा, निम्म्या जागा ओळखीने पण उरलेल्या निम्म्या उघड परीक्षेने भरल्या, तर? दरवर्षी ‘ब’ची जुनी संख्या ०.९५ ने गुणून तीत अडीच मिळवत जा. दहा वर्षांत ‘ब’ दहाचे सव्वीस होतात. मला हा तिसरा हिशेब सर्वांत बोलका वाटतो. ओळखीची पद्धत पूर्ण मोडली नाही, तिच्या शेजारी दुसरे एक दार उघडले, एवढ्याने केवढा फरक पडला.

मुंबईत असे दुसरे दार उघडण्याचा प्रयत्न १९३५ साली झाला. गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डपद्धत सुरू केली. दर महिन्याला ठरावीक बदल्यांना कार्डे द्यायची आणि रोजची रिकामी जागा त्यांच्यातूनच भरायची, म्हणजे जॉबरला दरवाजावर माणूस निवडता येणार नाही, अशी ही कल्पना. जॉबरची सत्ता यामुळे कमी झाली, पण कार्ड कोणाला द्यावे हे सुचवण्याच्या कामी त्याचा शब्द पुष्कळ दिवस चालत राहिला. पुढे कामगार संघटना मजबूत झाल्या, नोकरीला कायद्याचे संरक्षण आले, आणि निवृत्त होणाऱ्या बापाच्या जागी मुलाला लावून घेण्याची रीत अनेक गिरण्यांत रुळली. जॉबर मागे पडला आणि त्याच्या जागी बाप आला. बायकांची गोष्ट आणखी वेगळी. १९२० च्या दशकात दर पाच कामगारांमागे सुमारे एक बाई होती. पुढच्या दशकांत कांड्या आणि रिळे भरण्याची त्यांची कामे यंत्रांनी घेतली आणि त्यांचे प्रमाण घसरत गेले. आईच्या जागी मुलीला लावण्याची रीत पडली नाही.

साता समुद्रापलीकडे या प्रश्नाचा अभ्यास एका वेगळ्या दिशेने झाला. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात, नुकतीच नोकरी बदललेल्या २८२ सुशिक्षित पुरुषांना विचारले, की नोकरीची बातमी तुम्हाला कशी कळली? निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, लोकांनी ओळखीतून असे सांगितले. यात आश्चर्य नव्हते. आश्चर्य पुढे होते. बातमी देणारा माणूस त्यांना वरचेवर भेटणारा होता का? फक्त सुमारे १७ टक्के ‘हो’ म्हणाले. बहुतेकांना बातमी मिळाली होती ती कधीमधी भेटणाऱ्या, अगदी तोंडओळखीच्या माणसाकडून. १९७३ साली त्याने याचे स्पष्टीकरण मांडले. आपले जिवलग आपल्याच वर्तुळात फिरतात, त्यांना जे माहीत ते आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी येते ती दुसऱ्या वर्तुळात पाय असलेल्या दूरच्या माणसाकडून.

मग गिरणगावात उलटे कसे? तेथे तर भाऊ, मामा, गाववाला अशा घट्ट नात्यांनीच नोकरी मिळत होती. फरक असा की न्यूटनमधल्या माणसाला हवी होती बातमी. गिरणीत जागा आहे ही बातमी मात्र परळच्या नाक्यावर कोणालाही कळत होती. तेथे दुर्मिळ होती ती हमी, आणि तोंडओळखीचा माणूस हमी देत नाही. घट्ट नात्याने हमी मिळते, पण त्याच नात्याने वर्तुळही घट्ट राहते.

या घट्टपणाची किंमत पुढच्या पिढीला कशी मोजावी लागली, याचा एक अभ्यास आपल्या शिक्षकांनी तरी मुद्दाम पाहावा असा आहे, कारण तो मुंबईच्या दादर भागातल्या शाळांमध्येच झाला. कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी तेथील शाळांत सुमारे वीस वर्षांत दाखल झालेल्या मुलांच्या, महाराष्ट्रीय समाजातल्या जवळजवळ पाच हजार कुटुंबांची माहिती गोळा केली. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी पाहिलेला काळ म्हणजे साधारण १९८० ते २०००. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप आणि त्यानंतर एकामागून एक थंडावत गेलेल्या चिमण्या या काळाच्या आरंभीच येतात. नव्वदच्या दशकात कचेरीतल्या नव्या नोकऱ्या वाढल्या आणि इंग्रजी माध्यमातून शिकलेल्यांची कमाई इतरांपेक्षा स्पष्टपणे पुढे जाऊ लागली. इंग्रजी माध्यम बालकाच्या आकलनासाठी चांगले की वाईट हा वाद येथे नाही. माझे स्वतःचे मत मातृभाषेच्या बाजूचे आहे. प्रश्न आहे तो बाजारात दिसणाऱ्या फायद्याला कोणी कसा प्रतिसाद दिला हा.

ज्या जातींचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या कामगार-नोकऱ्यांत होते, त्यांचे मुलगे फायदा दिसत असूनही मराठी शाळांकडेच वळत राहिले. कारण त्यांच्यासाठी एक जाळे अजून उभे होते. कारखान्यात, वर्कशॉपमध्ये, गोदीत कोणी काका, कोणी शेजारी होता, आणि अशा नोकऱ्यांत ओळखीने लागण्याचे प्रमाण कचेरीतल्या नोकऱ्यांपेक्षा अधिक होते. शिवाय जाळ्यातून एक मुलगा बाहेर पडला की उरलेल्यांची ओळख तेवढी कमी होते. त्यामुळे ‘आपल्यातच राहा’ हा दबाव बोलून दाखवला नाही तरी असतो. त्याच जातींतल्या मुलींना मात्र हे जाळे कधीच मिळाले नव्हते. कोणी त्यांना गोदीत किंवा वर्कशॉपमध्ये लावणार नव्हते. गमावण्यासारखे काही नसल्यामुळे त्या झपाट्याने इंग्रजी शाळांकडे वळल्या आणि वरच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलींशी असलेले त्यांचे अंतर कमी होत गेले.

आपल्या शाळेच्या दाखल-नोंदवहीत पालकाच्या व्यवसायाचा रकाना असतो. दहावीच्या मुलांना, इतिहासाचा किंवा अर्थशास्त्राचा प्रकल्प म्हणून, घरातल्या किंवा शेजारच्या पाच मोठ्या माणसांना एकच प्रश्न विचारून यायला सांगता येईल: तुमची पहिली नोकरी तुम्हाला कोणी सांगितली? सांगणारा नात्यातला होता, गावचा होता, की तोंडओळखीचा? पुरुषांची आणि बायकांची उत्तरे वेगवेगळ्या तक्त्यांत मांडावीत. उत्तरे वर्गात नावानिशी वाचू नयेत. आणि ज्या मुलाच्या घरी कोणालाच कधी नोकरी सांगितली गेली नाही, त्याच्या कोऱ्या कागदाचीही मोजणी तक्त्यात करावी.